पिळाचा टाका

३ डिसेंबर

सौ. वहिनी,

नमस्कार. मी परवा संध्याकाळी पोचले. धाकट्याला फोनवर तेवढं सांगितलं, पुढे बोलता आलं नाही. फोनवर मी पुढचं वाक्य जुळवत बसते आणि पलीकडचा माणूस नुसता "हॅलो, हॅलो" करत राहतो. म्हणून लिहिते आहे.

इकडे थंडी चांगलीच पडली आहे. काल दुकानात गेले. मालक म्हणाले, आई गेली आहे, आणखी चार दिवस घ्यायचे होते. पण घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा चष्म्याच्या काचा घासलेल्या बऱ्या. काच घासताना दुसरं काही मनात आणून चालत नाही, लगेच कड उडते.

एक मागायचं होतं. मी निघाले त्या दिवशी आईच्या खाटेखालची वेताची टोपली तुम्ही उचलून आतल्या खोलीत नेलीत. मी दारातच उभी होते. टोपलीत तिचं विणकाम होतं. राखाडी, मरून आणि पिवळी अशा तीन लोकरी एकत्र धरून विणलेला स्वेटर असावा. घरात माणसं होती म्हणून तेव्हा बोलले नाही.

तो मला हवा आहे. जसा असेल तसा, सुयांवर असेल तर सुयांसकट. आईचे कपडे, तिची भांडी, घड्याळ, सगळं तुमच्याकडे राहू द्या. मला दुसरं काही नको. शेवटच्या वर्षात तिच्या हातून झालेलं तेवढं एकच आहे, आणि मी तिची एकुलती एक मुलगी आहे.

धाकट्याची सर्दी बरी झाली असेल.

तुमची नणंद


११ डिसेंबर

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. हे सारखे म्हणत होते, "ताई रागावून गेली." मी म्हटलं, "तुमची ताई रागावली की गप्प बसते आणि एरवीही गप्पच असते. माणसानं ओळखायचं कसं?" तर तोंड फिरवून शिंकले. सर्दी कधीच बरी झाली आहे, पण कौतुक संपलेलं नाही. कालपर्यंत कानाला मफलर आणि हातात गरम पाण्याचा पेला. मी बेकरीच्या भट्टीसमोर सहा तास उभी राहून येते, माझं नाक कोणी विचारत नाही.

टोपली मी उचलली ते खरं. पळवून नाही हो नेली! येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येत होती. कोणाच्या तरी चपलेला लोकर अडकून अर्ध्या जिन्यापर्यंत गेली होती, ती गुंडाळत मी मागे मागे. त्या दिवशीही मला हसू आलं. आई असत्या तर त्याही हसल्या असत्या.

आणि मागायचं काय त्यात? स्वेटर तुमचाच आहे. आईंनी विणायला घेतला तोच तुमच्यासाठी. म्हणायच्या, "तिकडची थंडी हाडात शिरते. एकेरी लोकरीनं तिचं भागायचं नाही, तीन पदरी करू." गळ्याची पट्टी तेवढी राहिली आहे. सुयांवर पाठवला तर वाटेत टाके सुटतील, म्हणून ती मी करते आणि पाठवते. दुपारी बेकरीतून सुटले की बसेन. आईंच्या सुयाही सोबत घालीन.

बाकी घर फार मोठं वाटतं. खोल्या तेवढ्याच आहेत, तरी.

तुमची वहिनी


२९ डिसेंबर

सौ. वहिनी,

नमस्कार. पार्सल शनिवारी मिळालं. बांधणी चांगली होती. सुयाही मिळाल्या. तुम्ही त्रास घेतलात.

गळ्याची पट्टी तुम्ही केली आहे, ती कळते. मी लिहिलं होतं की जसा असेल तसा पाठवा. पण आता झालं.

स्वेटर मी अजून अंगात घातलेला नाही. खुर्चीच्या पाठीवर ठेवला आहे. कामावरून आले की समोर दिसतो. आईच्या लोकरीला नेहमी तिच्या कपाटाचा, त्यातल्या वाळ्याच्या पुरचुंडीचा वास यायचा. या स्वेटरला तो वास नाही. याला पावाचा वास आहे. दोन दिवस खिडकीत ठेवला तरी गेला नाही.

दोन गोष्टी विचारते. राखाडी लोकर बाबांच्या स्वेटरची, ते मी ओळखलं. मरून माझ्या शाळेच्या स्वेटरची, तीही ओळखली. पिवळी कुठली? आमच्या घरात हा रंग कोणी कधी घातला नाही. आणि कोपराशी बाह्या थोड्या फुगलेल्या आहेत, अंगात घालून हात दुमडल्यावर होतात तशा. माझ्यासाठी विणलेला स्वेटर माझ्याआधी कोणी घातला होता?

नववर्षाच्या शुभेच्छा धाकट्याला सांगा.

नणंद


७ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून हे म्हणाले, "ताईला पोलिसात जायला हवं होतं." मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात बसून बसून नजर तशी झाली असेल.

घातला होता तो मीच. हौसेनं नव्हे. तुमची आणि माझी उंची एकच, खांदेही जवळपास सारखे. म्हणून आई मला दर आठवड्याला उभं करायच्या. "उभी राहा गं, तिच्या मापाची आहेस." मग हात वर कर, हात खाली कर, दुमड, बस, ऊठ. शिंप्याच्या दुकानातल्या लाकडी बाईलाही एवढी कवायत नसते. एकदा मी म्हटलं, "आई, मला गरम होतंय, काढू का?" तर म्हणाल्या, "तिला गरम होतंय का ते कळायला हवं ना, थांब जरा." घ्या! घाम माझा आणि काळजी तुमची.

वासाचं काय करणार? माझ्या अंगालाच तो वास आहे. अंघोळ केली तरी जात नाही. आई म्हणायच्या, "ही आली की पाव खायची इच्छा होते."

पिवळी लोकर अशीच. जास्तीची होती, ती वापरली.

थंडी आहे तोवर घाला. खुर्चीला घालून काय उपयोग?

तुमची वहिनी


१६ जानेवारी

वहिनी,

मी स्वेटर काल दुकानात नेला होता. काचेवरचा ओरखडा बघायचं मोठं भिंग आहे आमच्याकडे, खाली दिवा असलेलं. जेवणाच्या सुट्टीत त्याखाली धरला.

तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगते. सगळे लोक सुलटा टाका विणताना सुई घराच्या, म्हणजे लोकरीच्या त्या फासाच्या, पुढच्या पायात घालतात. आई मागच्या पायात घालायची. त्यामुळे टाक्याला पीळ बसतो, त्याचे दोन पाय एकमेकांवर चढतात, मांडी घातल्यासारखे. तिचं विणकाम त्यानं घट्ट व्हायचं. मी सात-आठ वर्षांची असताना तिनं मला शिकवलं, तेही तसंच. मी दुसरीकडे कुठे पिळाचा टाका पाहिलेला नाही. आईचं विणलेलं मी डोळे मिटून बोटांनी ओळखते.

या स्वेटरचा खालचा भाग, पाठ आणि पोट, काखेपर्यंत, आईचा आहे. त्याच्या वर नाही. दोन्ही खांदे नाहीत. दोन्ही बाह्या नाहीत. तिथे सगळे टाके पाय पसरून बसले आहेत. तुम्ही लिहिलं होतं की गळ्याची पट्टी तेवढी राहिली आहे. अर्ध्याहून जास्त स्वेटर तुमचा आहे.

हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी आईचं शेवटचं काम मागितलं आणि तुम्ही मला तुमचं काम पाठवलंत. मला वाटलं होतं बाह्या तिनं केल्या. रात्री मी त्या बाह्या हातात धरून बसत होते.

हेही लिहून टाकते. लग्न होऊन आलात तेव्हा तुम्ही तिला सासूबाई म्हणायचात. आई कधीपासून म्हणायला लागलात ते मला कळलंही नाही. मी सुट्टीत यायची तेव्हा ती तुम्हालाच हाक मारायची. चष्मा कुठे आहे, तुम्हाला. औषध कुठलं, तुम्हाला. मी शेजारी बसलेली असायची. तिच्या घरात मी पाहुणी होते आणि तुम्ही लेक होतात. ते सगळं तुम्हाला मिळालं. एक स्वेटर मागितला, त्यातही तुम्ही आहात.

खरं काय ते कळवा.

नणंद


२४ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मी यांना दाखवलं नाही. हे तुमच्या माझ्यातलं आहे.

खरं सांगते. सांगू नको म्हणून आईंनीच बजावलं होतं, पण आता लपवून कोणाचं भलं होणार?

पावसाळा संपता संपता आईंचे हात गेले. आधी सुई गळायला लागली. मग पेला. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे, वयानं होतं. स्वेटर तेव्हा काखेपर्यंत आला होता. चार दिवस तो तसाच मांडीवर घेऊन बसायच्या. पाचव्या दिवशी मी बेकरीतून आले तर म्हणाल्या, "हात धुऊन ये. आणि साबणानं धू, लोकर वास धरते." मी धुऊन आले. माझ्या हातात सुया दिल्या.

मला एकेरी लोकरीचं जमतं. तीन धागे एकत्र कधी विणले नव्हते. तुम्हाला माहीत आहे त्यातली गोम. एक धागा सैल, एक ताठ, की घर वाकडं. सुई दोनच धाग्यांत शिरते, तिसरा बाहेर लोंबतो. मी पहिल्या दिवशी तीन ओळी विणल्या आणि तीनही उसवल्या. तेव्हा आईंनी काय केलं, तिन्ही गुंडे तीन भांड्यांत ठेवले. दुधाचं पातेलं, बादली आणि तो कानतुटका जग. तिन्ही धागे आपल्या बोटांमधून घेतले, दर दोन धाग्यांमध्ये एक बोट, आणि माझ्याकडे सोडायला लागल्या. हात थरथरत होते, पण धागा सोडायला थरथर आड येत नाही. डोळे मिटून बसायच्या. मध्येच म्हणायच्या, "पिवळा सैल झाला." मी बघितलं की खरंच झालेला असायचा. "आता राखाडी ओढतोय, गाठ आली बघ." गाठ यायची. रोज दुपारी आमचं असं चालायचं. बाह्या, खांदे, सगळं तसंच झालं. सुया माझ्या हातात होत्या, पण त्यांच्या बोटांतून गेला नाही असा एक धागा त्यात नाही.

तुम्हाला कळवते म्हटलं तर चिडल्या. "हात गेले म्हणून कळलं तर ती नोकरी सोडून येऊन बसेल आणि माझ्याकडे बघत राहील. मला ते सोसायचं नाही." माझं बघणं त्यांना चालायचं. तुमचं सोसवलं नसतं. हे तुम्ही कुठल्या बाजूनं वाचाल ते मला ठाऊक नाही, मी मात्र एकाच बाजूनं वाचलं.

आता त्या पिवळ्या लोकरीचं. राखाडी आणि मरून एकत्र विणलं तर नुसता चिखल दिसायला लागला. आई म्हणाल्या, "यात कुठेतरी उजेड हवा." बाजारातली एकही त्यांना पसंत पडेना. माझ्याकडे माहेरहून आणलेलं पिवळं जाकीट होतं, माझ्या आत्यानं विणलेलं. मी म्हटलं, हे घ्या. घेतलं. उसवताना मला रडू आलं, उगाच मोठेपणा कशाला सांगू. पण दिलं. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, यातही तुम्ही. म्हणालातच.

आणि एक ऐका. तुमचा तो पिळाचा टाका. मी पहिल्याच दिवशी खालचा भाग बघितला आणि म्हटलं, "आई, मलाही असाच शिकवा. वर-खाली सारखं दिसेल." त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं ती चूक आहे. मला लहानपणी कोणी नीट दाखवलंच नाही, मी आपली मागून सुई घालत गेले. मोठी झाल्यावर कळलं. तोवर हाताला सवय लागली होती. ती चूक मी लेकीला दिली, तिच्या हातातून आता सुटायची नाही. तुझा हात सरळ आहे, तू कशाला बिघडवतेस?"

वन्सं, चार वर्षं मी त्यांचं डोकं विंचरलं. औषधं दिली. त्यांच्या खोकल्यावरून मला कळायचं की पाणी हवंय की उशी. आणि एक चूक मागितली, तर ती नाही म्हणाल्या. ती लेकीची. त्या दिवशी मी ओळच्या ओळ रागानं विणली. उजव्या बाहीच्या मनगटाशी टाके जरा आवळलेले आहेत, भिंगाखाली दिसले असतील. तो माझा हेवा आहे. तुम्हाला वाटतं हेवा करायचा ठेका तुमचाच आहे?

आता झालं सगळं सांगून. स्वेटर अंगात घाला. तुमच्यासाठी होता, आहे.

वहिनी


२० फेब्रुवारी

वन्सं,

महिना होत आला. उत्तर नाही. यांना फोनवर "बरं आहे" म्हणता म्हणे. बरं आहे हे तर तुम्ही दात काढून घेतानाही म्हणाल.

मी जास्त लिहिलं असेन तर सोडून द्या. जीभ माझी लांब आहे, पेनही तसंच. स्वेटर बसला का तेवढं कळवा. काखेत घट्ट होत असेल तर शिवण सोडून देता येईल.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

स्वेटर बसला की नाही ते मला सांगता येणार नाही. तो मी उसवला.

तुमचं पत्र यायच्या आधीच्या रविवारी. माझं पत्र टाकून दहा-अकरा दिवस झाले होते. उत्तराची वाट बघत होते आणि स्वेटर समोर खुर्चीवर होता. आधी फक्त पिवळा धागा काढायचा असं ठरवलं. बाही सोडवली, वरच्या टोकाला पिवळं टोक शोधलं आणि ओढलं. तीन पदर एकत्र विणले की त्यांतला एक काढता येत नाही. दोन बोटं धागा हातात आला आणि सगळी बाही आवळून मुठीएवढी झाली. मी आणखी ओढलं. मग मला राग आला. गळ्याची पट्टी काढली, शिवणी कापल्या, आणि वरपासून काखेपर्यंत सगळं उसवलं. दोन्ही बाह्याही. आईचा पहिला पिळाचा टाका दिसला तिथे थांबले. ती घरं तिच्याच सुयांवर चढवून ठेवली. तिन्ही धागे वेगळे करून तीन गुंडे केले. संध्याकाळ झाली होती. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

गुरुवारी तुमचं पत्र आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. टेबलावर तीन गुंडे होते.

मला वाटत होतं की मी तुमचं काम उसवते आहे. तिच्या बोटांतून गेलेला धागा मी दिवसभर ओढत होते आणि मला कळलं नाही. टाका कोणाचा ते मला भिंगाखाली दिसलं. धागा कोणी सोडला ते कुठल्याच भिंगाखाली दिसत नाही.

आवळलेले टाके उजव्या मनगटाशी होते. मी ते पाहिले होते. मला वाटलं, निष्काळजीपणा.

मग मी स्वतः वरचा भाग विणायला घेतला. आधी पिवळा सोडून, दोन पदरांत. जाळी झाली. दिव्यासमोर धरली तर पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. तेही उसवलं. मग तिन्ही घेतले. भांड्यांत गुंडे ठेवले, तुम्ही लिहिल्याप्रमाणे. पण विणायचे हात आणि सोडायचे हात एकाच माणसाला नसतात. मरून सैल पडतो, राखाडी ओढतो, पिवळा बादलीतून उडी मारून खाटेखाली जातो. एकदा उसवलेली लोकर कुरळी राहते, वाफेवर धरली तरी. ती जुन्या वळणानंच जाऊ बघते. महिनाभर मी ओळी विणते आहे आणि उसवते आहे. म्हणून उत्तर लिहिलं नाही.

जाकीट तुमच्या आत्यानं केलं होतं. ते मी नासवलं आहे असं वाटतं. माफी मागणं मला नीट येत नाही, तुम्हाला माहीत आहे.

नणंद


९ मार्च

वन्सं,

परवा एक उत्तर लिहिलं होतं. ते बेकरीच्या भट्टीत टाकलं. छान पेटलं. हे दुसरं आहे, थंड डोक्यानं लिहिलेलं, तरी हातमोजे घालून वाचा.

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, ते तुमच्याकडे बघूनच कोणीतरी म्हटलं असेल. टाका पिळाचा, माणूसही पिळाचं! चार दिवस थांबता आलं नाही? आमच्या बेकरीतली पोरंसुद्धा पाव फुगेपर्यंत भट्टीचं दार उघडत नाहीत.

मला फार लागलं. स्वेटर गेला म्हणून नव्हे, लोकर कुठे जाते? रोज दुपारी दोन ते दिवे लागेपर्यंत त्या खोलीत आम्ही दोघी होतो. ती दुपार मी तुम्हाला घडी करून पाठवली होती. तुम्ही ती ओढून तीन गुंडे केले. यांनी विचारलं, "काय लिहिते ताई?" मी म्हटलं, "थंडी कमी झाली म्हणते."

पण एक सांगते, हेही तितकंच खरं आहे. तुम्ही पिवळा सोडून विणलंत आणि जाळी झाली, ते वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले. जाळी! मला त्या हसण्यानं जरा बरं वाटलं. तुम्हाला उसवून वाटलं, मला हसून. फिटंफाट.

तेवढ्यानं स्वेटर होणार नाही. बेकरीत मला पुढच्या महिन्यात आठ दिवसांची सुट्टी आहे. हे म्हणतात, "ताईकडे जाऊन ये, मी माझं बघतो." म्हणजे आठ दिवस पाव खातील. मी येते. दुधाचं पातेलं, बादली आणि कानतुटका जग घेऊन येते, तुमच्याकडच्या भांड्यांतून गुंडे उडी मारत असतील तर भांड्यांचाच दोष.

एकच अट आहे. पिळाचा टाका मला शिकवायचा. आईंनी नाही म्हटलं, तुम्ही म्हणू नका. चूक तर चूक. वर-खाली सारखं होईल, आणि कोणी भिंग लावलं तरी ओळखणार नाही कुठून कोण सुरू झालं.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

या. मी स्टँडवर घ्यायला येईन. पातेलं आणि बादली आणू नका, वाटेत जड होईल. जग आणा.

विणायचं तुम्हीच. मी धागे सोडीन. रोज कामावरून आले की दारामागच्या खिळ्याला तिन्ही धागे बांधते आणि बोटांतून घेऊन डोळे मिटून बसते. सैल कुठला ते अजून कळत नाही, ताठ कुठला ते कळायला लागलं आहे. तुम्ही येईपर्यंत येईल.

तुम्ही दर दुपारी तिच्याजवळ बसलात याचा मला अजून हेवा वाटतो. तुमचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं, तरी तो गेला नाही. तुम्ही आलात तरी जाईलच असं नाही. तो घेऊनच मी शेजारी बसेन. तुम्ही विणता विणता मला सगळं सांगायचं. ती कुठल्या बाजूला बसायची, काय बोलायची, पिवळा सैल झाला हे कुठल्या आवाजात म्हणायची. काही गाळायचं नाही.

काखेपर्यंत तिचे टाके आहेत तसे राहतील. वर तुमचे येतील, सरळ, जसे आधी होते तसे. जोड दिसू दे. कोणी विचारलं तर मी सांगेन, इथपर्यंत आईनं विणला आणि इथून पुढे वहिनींनी.

आल्यावर जेवायला, राहायला, बोलायला काही कमी पडू देणार नाही. आईचं घड्याळ, कपडे तुमच्याकडे आहेत, राहू देत. उजव्या मनगटाशी पुन्हा आवळून विणावंसं वाटलं तर खुशाल विणा. पण तुमची अट मला मान्य नाही. पिळाचा टाका मी शिकवणार नाही. तुम्ही कितीही मागितलात तरी नाही.

तेवढी एक चूक माझी एकटीची राहू द्या.

तुमची नणंद